बाहीतून चढणारा चहा

दुभाषीताईंचा आवाज गेला तो नेमका परीक्षेच्या तोंडावर. आधी घसा खवखवला, मग बसला, आणि शेवटी तर तोंड उघडलं की नुसती हवाच बाहेर येऊ लागली. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतू सुजलेत, पंधरवडाभर अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं तर जास्तच बिघडतं. ही बातमी नवऱ्यानं जरा जास्तच शांतपणे ऐकली, असं ताईंना वाटलं. पण त्यावर काही बोलायची सोय राहिली नव्हती.

ताईंचं पोटच आवाजावर होतं. विद्यापीठाच्या समान संधी कक्षात त्या दुभाषी होत्या. ऐकू न येणारे विद्यार्थी हातांनी जे बोलतात ते तोंडानं सांगायचं आणि इतरांचं तोंडचं बोलणं हातांनी दाखवायचं, हे त्यांचं काम. गेली चार वर्षं हे काम मुख्यतः एकाच विद्यार्थिनीसाठी चाललं होतं. ती मृदाशास्त्र विभागात क्षारपड जमिनींवर पीएच.डी. करत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. प्रयोगशाळेत सगळे तिला 'बाईसाहेब' म्हणत, कारण कुणाचा ढिसाळपणा ती खपवून घेत नसे आणि एक शब्द न उच्चारता समोरच्याला फैलावर घ्यायची कला तिच्याकडे होती. तिचा प्रबंध तपासून झाला होता. आता उरली होती ती तोंडी परीक्षा.

नियमावलीत शब्द 'तोंडी' असाच होता. बाईसाहेब ज्या वर्षी आल्या त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठानं धोरण केलं होतं की प्रत्येक उमेदवाराला आपल्या भाषेत शिकण्याचा आणि उत्तर देण्याचा हक्क राहील, आणि त्यात खुणांची भाषाही आली. ठराव एकमतानं झाला. प्रवेशद्वारापाशी तो मोठ्या अक्षरांत लावला गेला. फक्त 'तोंडी' हा शब्द बदलायचं राहून गेलं, आणि बाईसाहेबांना त्याचीच भारी गंमत वाटे. माझी तोंडी परीक्षा आहे, असं त्या भेटेल त्याला हातांनी सांगत.

ताईंना मात्र त्या ठरावाची गंमत वाटत नसे. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे होते. ताई बोलायला शिकल्या त्याच्या आधी हातांनी सांगायला शिकल्या. आठ वर्षांच्या असताना दवाखान्यात डॉक्टरांनी वडिलांच्या आजाराबद्दल जे सांगितलं ते वडिलांना सांगण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यानंतर बँक, कचेऱ्या, शाळेतल्या पालकसभा, लग्नकार्यं, पोलीस चौकी, सगळीकडे त्या आईवडिलांच्या आणि आईवडिलांच्या मित्रांच्या मधे उभ्या राहिल्या. याला कुणी काम म्हटलं नाही. मुलगी गुणाची आहे, एवढंच म्हणत. वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा एका संस्थेनं त्यांना या कामासाठी नेमणूक दिली, बसायला टेबल दिलं, आजारपणाची रजा दिली. रुजू झाल्याच्या दिवशी ताई त्या टेबलाशी बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या होत्या. शिपाई दोनदा येऊन विचारून गेला की काही हवंय का.

आता तीच रजा घ्यायची वेळ आली होती. कक्षप्रमुखांनी लगेच दुसरा दुभाषी दिला. तरुण होता, चुणचुणीत होता, न्यायालयात आणि इस्पितळात काम केलेला होता. प्रयोगशाळेनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'बदली' ठेवलं आणि त्यानंही ते हसत घेतलं. तरी ताईंना धास्ती वाटत होती. त्याचं कारण समजण्यासाठी त्या प्रयोगशाळेत बोलणं कसं चाले ते सांगायला हवं.

शास्त्रातल्या बहुतेक शब्दांना खुणांच्या भाषेत खुणाच नव्हत्या. 'धनभार विनिमय क्षमता' हा शब्द बोटांनी एकेक अक्षर करत दाखवायचा तर तो संपेपर्यंत बैठक पुढच्या मुद्द्यावर गेलेली असे. म्हणून बाईसाहेबांनी आणि ताईंनी मिळून खुणा घडवल्या. आणि घडवताना हाताशी जे होतं तेच घेतलं, म्हणजे प्रयोगशाळेतली माणसं. तिथं एक उंच संशोधक होता, त्याला लंबू म्हणत. त्यानं पहिल्याच आठवड्यात सगळे नियम धाब्यावर बसवून मातीचा नमुना जिभेला लावून पाहिला होता. तेव्हापासून बोट जिभेला टेकवून एक डोळा मिटला की क्षार. लंबूचा चहा बिनसाखरेचा आणि शेजारच्या काचसामानवाल्या बाईंचा गोड. पण कप नेहमी उलटे येत आणि दोघं ते रोज न बोलता बदलून घेत. तसे दोन हात एकमेकांवरून फिरवले की विनिमय. एकदा लंबूच्या शर्टाची बाही चहात बुडाली आणि लक्षात येईपर्यंत डाग कोपराच्या दिशेनं चढत गेला. जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांतून असंच वर चढतं, त्याला केशाकर्षण म्हणतात. तेव्हापासून मनगटावरून बोट हळूहळू वर चढवलं की केशाकर्षण.

आणि एक खूण मॅडमवरून होती. मॅडम म्हणजे बाईसाहेबांच्या मार्गदर्शक. कुणी घाईनं निष्कर्ष काढला की मॅडम आधी नाकावरचा चष्मा एका बोटानं वर सरकवत आणि मग म्हणत, "पुरावा अपुरा." पुढे पुढे चष्मा सरकला की समोरचा आपणहून खाली बसे. ही खूण बाईसाहेबांनी पहिल्या वर्षातच उचलली होती. मॅडमना तिचा पत्ता नव्हता. त्यांना वाटे, या मुलीलाही आपल्यासारखी चष्म्याची सवय दिसते. बाईसाहेब चष्मा लावत नसत, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

अशा खुणा शेकड्यांनी झाल्या होत्या. कक्षप्रमुखांनी ताईंना मागेच सुचवलं होतं की या सगळ्या कॅमेऱ्यासमोर करून ठेवा, उद्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील. ताईंनी होकार दिला आणि काम पुढे ढकललं. आधी बैठका होत्या, मग शेतांवरचे दौरे, मग प्रबंधाचं लेखन. वेळ नव्हता हे खरंच होतं. पण आपल्यावाचून त्या खोलीचं पान हलत नाही, याचं थोडं सुखही होतं. जन्मभर फुकट हमाली केलेल्या माणसाला असं सुख सोडवत नाही.

त्यामुळे परीक्षेआधीच्या दिवसांत ताई, बाईसाहेब आणि बदली कक्षातल्या टेबलाशी बसले आणि त्याला खुणा शिकवू लागले. गडी हुशार. पण हुशार असला तरी चार वर्षांच्या खुणा त्या चारदोन बैठकांत किती घेणार? सगळ्यात लागणाऱ्या तेवढ्या निवडल्या. चष्म्याची खूण ताईंनी मुद्दामच वगळली. परीक्षेला मॅडम समोर असणार, तिथं तिचं काय काम? बदली घरी जाताना म्हणाला, "ताई, अडलो तर बाईसाहेब अक्षरं करून सांगतील ना? मग झालं." ताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, पण बिनआवाजाच्या माणसाला वाद घालणं फार मेहनतीचं पडतं.

परीक्षा विभागाच्या सभागृहात होती. पुढे लांब टेबल, त्यामागे अध्यक्ष आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. बाजूला मॅडम. मार्गदर्शकानं परीक्षेत बोलायचं नाही असा नियम, त्यामुळे त्यांनी हात मांडीवर बांधून ठेवले होते. समोर बाईसाहेब, त्यांच्यासमोर बदली. मागच्या खुर्च्यांवर प्रयोगशाळेतली मंडळी, बाईसाहेबांची आई आणि गळ्याला मफलर गुंडाळलेल्या ताई. आई पहाटेच निघून आली होती. तिला ऐकू येत असे. लेकीशी बोलण्यापुरत्या घरगुती खुणा तिला येत, जेव, झोप, ये, जाऊ नको, पैसे आहेत का, अशा. सभागृहात बसल्यापासून तिनं ताईंना हळूच तीनदा विचारलं की सगळं बरं होईल ना.

बाहेरचे परीक्षक वयानं मोठे, बोलायला कमी, आणि या विषयातलं वजनदार नाव. क्षारपड जमिनीला भरपूर पाणी देऊन खाली निचऱ्याची सोय केली तर क्षार धुऊन जातात आणि जमीन कायमची सुधारते, हे त्यांनी वीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. बाईसाहेबांच्या प्रबंधाचं म्हणणं होतं की कायमची नाही. विभागातले सगळे ही गोष्ट जाणून होते आणि त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

सादरीकरण छान झालं. पडद्यावर आलेख होते, वाक्यं ठरलेली होती, बदलीचा आवाज स्वच्छ होता. मग प्रश्न सुरू झाले आणि तिथंच गाडी अडली. परीक्षकांनी विचारलं की निचरा चालू असतानाही क्षार वर आले कसे. बाईसाहेबांचे हात भराभर चालू लागले. या प्रश्नाची त्या चार वर्षं वाट पाहत होत्या.

"पाणी खाली जातं," बदली सांगू लागला, "पण जमीन सुकू लागली की... सुकू लागली की ते..." तो थांबला. "माफ करा. ही खूण मला माहीत नाही."

बाईसाहेबांनी अक्षरं करून सांगितली. त्यानं वाक्य पुरं केलं. पुढच्या वाक्यात पुन्हा अडला. पुन्हा अक्षरं. तिसऱ्यांदा अडला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला आणि बाईसाहेबांचे हात मंद झाले. हातांनी बोलणाऱ्या माणसाचे हात मंद झाले की त्याचा आवाज खोल गेल्यासारखं दिसतं, हे ताईंइतकं कुणाला कळणार? बाईसाहेबांचं उत्तर, जे प्रयोगशाळेत एका दमात आणि वर विनोद पेरून यायचं, ते इथं तुकड्यातुकड्यांनी, अडखळत येत होतं. ऐकणाऱ्याला वाटावं की हिला विषयच नीट येत नाही.

परीक्षकांनी हात वर केला. हे बरोबर होत नाही, असं ते म्हणाले, आणि यात उमेदवाराचा दोष नाही हेही त्यांनी सांगितलं. त्यांनी कागद मागवले. उत्तरं लिहून द्या, मला घाई नाही, मी थांबतो. चांगल्या मनानंच म्हणाले.

बाईसाहेबांनी कागदाला हात लावला नाही. त्या बदलीकडे वळल्या आणि सावकाश, सगळ्यांना कळणाऱ्या साध्या खुणांत बोलल्या. बदलीनं एकही शब्द न अडता सांगितलं:

"सर, लिहायची भाषा ही माझी दुसरी भाषा आहे. तिथं मी पाहुण्यांच्या घरी बसावं तशी अंग चोरून बसते. प्रबंध लिहिताना मी ते केलं. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मला माझ्या घरात बसून द्यायची आहेत. विद्यापीठानं तसा शब्द दिला होता, म्हणून मी इथं आले."

अध्यक्षांनी समोरची नियमावली चाळली. उमेदवाराचं म्हणणं धोरणाला धरून आहे, असं त्यांनी मान्य केलं. मात्र दुभाष्यालाच शब्द येत नसतील तर काय करायचं, ते धोरणात लिहिलेलं नव्हतं. परीक्षा पुढे ढकलता येईल. पण बाहेरच्या परीक्षकांना पुन्हा बोलवायचं म्हणजे पुढचं सत्र उजाडणार. मृदा संशोधन केंद्रातली जागा बाईसाहेबांना पदवीच्या अटीवर मिळाली होती आणि ती जागा पुढच्या सत्रापर्यंत थांबणार नव्हती. हे मागच्या खुर्च्यांवर सगळ्यांना माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, पण सगळ्यांचे पडलेले चेहरे पाहून तिनं ताईंचा हात घट्ट धरला.

ताई हात सोडवून उठल्या. बाईसाहेबांच्या समोर, बदलीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि हातांनी बदलीला सांगू लागल्या. तो मोठ्यानं सांगत गेला. म्हणणं असं होतं: बाईसाहेब मला सांगतील, मी त्यांच्या खास खुणांची अक्षरं करून याला देईन, हा तोंडानं सांगेल.

परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. "बाई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही चार वर्षं या कामात आहात. उत्तर तिचं किती आणि तुमचं किती, हे मला कसं कळणार? या खुणा दुसऱ्या कुणालाच येत नसतील, तर त्या बरोबर सांगितल्या हे तपासणार कोण?"

प्रश्न रास्त होता. ताईंना राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. उद्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील, असं कक्षप्रमुख म्हणाले होते. तो दुसरा कुणीतरी इथं उभा होता, घामानं डबडबलेला. दुसरं कुणी नाही, असं सांगायला ताईंनी हात उचलले.

पण परीक्षक त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते त्यांच्या मागे पाहत होते. ताई वळल्या. लंबूनं हात वर केला होता. शाळेतल्या पोरासारखा, सरळ. त्याच्या शेजारी काचसामानवाल्या बाईंनी. त्यांच्या मागे भूजलावर काम करणाऱ्या दोघी मैत्रिणींनी. मग आणखी एक. प्रयोगशाळेतलं कुणीही हात खाली ठेवून बसलेलं नव्हतं.

"तुम्हाला येतात?" अध्यक्षांनी विचारलं.

"येतात म्हणजे, सर," लंबू उभा राहून म्हणाला, "शिकलो असं नाही. पण येतात. निम्म्या तर माझ्याच अंगावर बेतलेल्या आहेत."

ताई बघतच राहिल्या. मॅडमच्या सोमवारच्या बैठकीची एक रीत होती: एका वेळी एकानंच बोलायचं, आणि बोलणाऱ्यानं आधी हात वर करायचा, म्हणजे दुभाषीला दोन्हीकडचं नीट पोचवता येईल. सुरुवातीला यावर बरीच कुरकुर झाली होती. लंबूच म्हणाला होता की आपण काय बालवाडीत आहोत का. नंतर ती रीत अंगवळणी पडली, आणि एरवी गलक्यात ज्यांचा आवाज कधी ऐकू येत नसे ते दोघंतिघंही बोलू लागले. त्या बैठकांत ताई बाईसाहेबांचं बोलणं तोंडानं सांगत. लोक आपला आवाज ऐकतात, असं त्या धरून चालल्या होत्या. पण एका वेळी एकच माणूस बोलत असेल आणि ते माणूस हातांनी बोलत असेल, तर बाकीच्यांचे डोळे कुठे जाणार? आपण एकट्याच पूल आहोत अशा समजुतीत ताई चार वर्षं उभ्या होत्या. मंडळी केव्हाच पाण्यात उतरून पलीकडे गेली होती.

परीक्षक मात्र नुसत्या हातांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी प्रबंध उघडला, बाईसाहेबांना जवळ बोलावून पेन्सिलीनं पाच शब्द दाखवले आणि त्यांच्या खुणा करायला सांगितल्या. मागच्या रांगेतल्या तिघांनी एकमेकांपासून लांब बसून त्या ओळखून लिहायच्या. अध्यक्षांनी कागद गोळा केले आणि ताडून पाहिले. तिन्ही कागद जुळले. फक्त लंबूनं चौथ्या ओळीत आधी 'चहा' लिहून ते खोडलं होतं आणि पुढे 'केशाकर्षण' लिहिलं होतं. अध्यक्षांनी त्याचा खुलासा मागितला. लंबूनं बाहीची कथा सांगितली. परीक्षकांनी ती शेवटपर्यंत ऐकली, स्वतःच्या कोटाच्या बाहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगली खूण आहे. चला."

मग परीक्षा सुरू झाली ती खरी. बाईसाहेब बोलत, बदली सांगे, आणि जिथं तो अडे तिथं नुसती मान मागे वळवी. मागून शब्द येई. कधी एकट्याचा, कधी तिघाचौघांचा मिळून. पहिल्या काही वेळा ते जरा विचित्र वाटलं, पाढे म्हटल्यासारखं. मग त्याची लय जमली. बाईसाहेबांच्या हातांना वेग आला. शेतात पडलेल्या भेगा, भेगांच्या भिंतींवर जमणारा पांढरा थर, खालून बाहीतल्या चहासारखं चढणारं पाणी, ते सुकताना मागे सोडलेले क्षार, सगळं समोर उभं राहिलं. एका प्रश्नावर त्यांनी असं काही उत्तर दिलं की बदली सांगायच्या आधीच मागची रांग हसली, आणि परीक्षकांना हसू एक वाक्य उशिरा आलं. ताई आपल्या खुर्चीत परत येऊन बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर होते आणि त्यांना काही काम नव्हतं.

शेवटचा प्रश्न तोच होता ज्याबद्दल विभागात कुणी बोलत नव्हतं. परीक्षक खुर्चीत मागे टेकले. "आता माझ्या कामाबद्दल," ते म्हणाले. "मी आमच्या प्रयोगाच्या शेतांवर क्षार गेल्याचं मोजून दाखवलं होतं. तुम्ही म्हणता ते परत येतात. मग माझ्या निष्कर्षाबद्दल तुमचं नेमकं मत काय?"

बाईसाहेबांनी एक बोट उचललं आणि नाकावर नसलेला चष्मा वर सरकवला.

बदलीनं मान मागे वळवली.

मागची रांग मूग गिळून बसली. लंबू छताकडे पाहू लागला. काचसामानवाल्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. बदलीनं एकेकाकडे पाहिलं. त्याला वाटलं, ही एकच खूण कुणालाच येत नाही. ताईंचे हात आपोआप अर्धे वर आले आणि तिथंच थांबले, कारण मॅडम बाईसाहेबांच्या बोटाकडे टक लावून पाहत होत्या. पाहता पाहता त्यांचं स्वतःचं बोट सवयीनं उठलं, चष्म्याला लागलं, आणि तिथंच थबकलं.

"पुरावा अपुरा," मॅडम म्हणाल्या. मग नियम आठवून त्यांनी अध्यक्षांची माफी मागितली. आणि मागे वळून हळूच विचारलं, "हे माझं आहे? कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून, मॅडम," लंबू म्हणाला.

सभागृहात खसखस पिकली आणि लगेच विरली, कारण परीक्षक हसले नव्हते. त्यांनी बाईसाहेबांना विचारलं, "अपुरा कसा?"

त्यांनी सांगितलं. तुम्ही दोन वर्षं मोजलंत, सर. दोन वर्षं क्षार खालीच असतात. आमच्या शेतांत ते तिसऱ्या वर्षी वर आले. तुम्ही चुकला नाहीत, लवकर थांबलात. यातला एकही शब्द बदलीला मागे वळून विचारावा लागला नाही.

परीक्षकांनी पेन्सील टेबलावर ठेवली. "तिसऱ्या वर्षी ती शेतं आम्हाला मिळाली नाहीत," ते म्हणाले. "तेव्हाही मला ते खटकलं होतं. पुढे कुणी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही." मग ते म्हणाले, "लिहून दिलं असतंत तर तुम्ही हे इतकं सरळ लिहिलं नसतंत. खरं ना?"

बाईसाहेबांनी मान हलवली. नसतं लिहिलं.

उमेदवाराला आणि श्रोत्यांना बाहेर थांबायला सांगितलं गेलं. फार वेळ लागला नाही. अध्यक्ष दार उघडून आले आणि त्यांनी निकाल आधी बाईसाहेबांना सांगितला, समोरासमोर उभं राहून, बदलीला शेजारी घेऊन. पदवीची शिफारस झाली होती, एकाही दुरुस्तीशिवाय. शिवाय परीक्षकांनी एक शेरा जोडला होता की या विभागातली बैठकीची रीत इतर विभागांनी येऊन पाहावी. अध्यक्षांनी तो वाचून दाखवला तेव्हा मॅडमनी चष्म्याला हात लावला नाही, आणि हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग जे व्हायचं ते झालं. मंडळी बाईसाहेबांभोवती जमली, सगळे एकाच वेळी हातांनी बोलू लागले, सोमवारची शिस्त पार मोडली. बदलीला लंबूनं मिठी मारली. कक्षप्रमुख धावत आले होते. ते ताईंना म्हणाले की त्या खुणांचं काम आता नक्की करू या, तुमचा घसा बरा झाला की. ताईंनी फोनवर लिहून दाखवलं, 'घशाची गरज नाही. उद्यापासून. पण एकटी नाही करणार, ही सगळी हवीत.' कक्षप्रमुखांनी वाचलं आणि ते हसले.

ताईंना त्या सगळ्यांना बरंच काही सांगायचं होतं. आठ वर्षांची मुलगी दवाखान्यात उभी असताना तिच्या शेजारी असं कुणी असतं तर काय झालं असतं, हे सांगायचं होतं. ज्या संस्थेनं शब्द दिला तिचे आणि ज्यांनी तो शब्द कधी मोठ्यानं न उच्चारता पाळला त्या माणसांचे आभार मानायचे होते. आवाज असता तर त्यांनी नक्कीच ते लांबण लावलं असतं. त्यांनी उजवा हात हनुवटीपाशी नेला आणि पुढे सोडला, आभाराची साधी खूण. एवढंच. लंबूनं ते पाहिलं आणि तो लाजून बाजूला झाला.

गर्दी पांगली तेव्हा आई आणि बाईसाहेब एकमेकींसमोर उरल्या. ताई सवयीनं पुढे झाल्या. गेली चार वर्षं आई आली की हेच चाले, आई ताईंकडे पाहून बोले आणि लेक ताईंकडे पाहून उत्तर देई. पण आज आईनं ताईंकडे पाहिलं नाही. तिनं लेकीचे दोन्ही हात धरले, मग सोडले, आणि स्वतःचे हात उचलून काहीतरी सांगायला सुरुवात केली. खुणा मोडक्यातोडक्या होत्या, अर्ध्या घरच्या आणि अर्ध्या तिनं आजच खोलीत पाहिलेल्या. बाईसाहेब भुवया आखडून लक्ष देऊन पाहत होत्या. मधेच त्यांनी आईचं एक बोट धरून नीट केलं, आणि आईनं ते पुन्हा करून दाखवलं.

या भाषेत दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसेल तर कान झाकून उपयोग नसतो, पाठ फिरवावी लागते. ताईंनी पाठ फिरवली आणि त्या सभागृहात खुर्च्या उचलून ठेवायला गेल्या.